गोळ्या चालू आहेत, तरी हिमोग्लोबिन का वाढत नाही?

प्रश्न : वय ३४. दीड महिन्यापूर्वी हिमोग्लोबिन ८.६ होते. रोज नाश्ता-चहा झाला की लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेते, बीटाचा रसही पिते. आता ८.९ आले. पाळीत सहा दिवस अंगावरून बरेच जाते. गोळी बदलावी का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी गोळीची वेळ बदला. चहातले टॅनिन लोहाला आतड्यातच बांधून ठेवते आणि कॅल्शियम त्याच्या शोषणात आडवे येते. तुमची बरीचशी गोळी वायाच जाते आहे. लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घ्या. पुढे निदान तासभर चहा, कॉफी, दूध नको. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. मळमळ होत असेल तर थोडे खाऊन घ्या. शोषण कमी होईल, पण गोळी बंद करण्यापेक्षा ते बरे. लवकर भरून यावे म्हणून दिवसाला दोन-दोन गोळ्या घेऊ नका. एका मोठ्या मात्रेनंतर शरीरात हेप्सिडिन (लोहाचे शोषण आवरणारे संप्रेरक) वाढते आणि साधारण २४ तास पुढच्या लोहाची वाट अडवते. म्हणूनच काही जणींना एक दिवसाआड गोळी दिली जाते. तुमच्यासाठी ते योग्य का, हे डॉक्टरांना विचारा.

बीट आवडत असेल तर जरूर खा, पण भरवसा त्यावर नको. रंग लाल असला तरी १०० ग्रॅम बीटात लोह १ मिलिग्रॅमही नसते. निरोगी शरीर अन्नातून दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषते आणि पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेले, तर त्याबरोबर ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह जाऊ शकते. तुमची खरी गळती तिथे आहे. तास-दोन तासांत पॅड भिजत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, रात्री उठून बदलावे लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गर्भाशयातल्या गाठी आणि थायरॉइड दोन्ही तपासायला हवेत. हे राहून गेले तर गोळ्यांनी भरलेले दर महिन्याला रिकामे होत राहील.

गोळी नीट घेतल्यावर महिनाभरात हिमोग्लोबिन १ ते २ ग्रॅमने वाढायला हवे. १२ झाले की थांबू नका. पुढे साधारण तीन महिने गोळी चालू ठेवली तरच साठा भरतो. साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो. १५ च्या खाली म्हणजे तो जवळजवळ संपलेला. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना मात्र फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते.

एवढे करूनही आकडा हलला नाही, तर सीबीसीचा (रक्तपेशींच्या तपासणीचा) कागद पुन्हा बघा. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) बराच कमी आणि तांबड्या पेशींची संख्या ५० लाखांच्या वर असेल, तर थॅलेसेमिया मायनरसाठी (हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषासाठी) एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार तपासा. लोह कमी असताना एचबीए२चा आकडाही थोडा खाली येऊ शकतो, त्यामुळे अहवाल डॉक्टरांकडूनच वाचून घ्या.

प्रश्न : गोळी सुरू केल्यापासून शौच काळी होते. धोका आहे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : न शोषलेल्या लोहामुळे काळा-हिरवट रंग येतोच. डांबरासारखी चिकट, घाण वासाची शौच होत असेल, चक्कर येत असेल, तर तो रक्तस्राव असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे आहेत. हिमोग्लोबिन १०, फेरिटिन कमी. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या घेतात. जेवण घटल्यामुळे असे झाले असेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या वयाच्या पुरुषात कमी जेवणावर बोट ठेवून थांबू नये. पोटातून रक्त जात नाही ना, हे आधी पाहावे लागते. वेदनाशामकांनी जठरात व्रण होतात, मूळव्याधीतूनही रक्त जाते. पण मूळव्याध सापडली म्हणून मोठ्या आतड्याची तपासणी टाळू नका, कारण तिथल्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी एवढीच असते. एन्डोस्कोपी (दुर्बिणीने जठराची तपासणी) आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) दोन्हींबद्दल पोटविकारतज्ज्ञांशी बोला. वेदनाशामक गोळ्यांना पर्याय काय, हेही त्याच भेटीत विचारा. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर आधीच सांगा. कोलोनोस्कोपीच्या काही दिवस अगोदर त्या थांबवाव्या लागतात, नाहीतर आतडे नीट दिसत नाही.