आधी नावं, मग बारकोड

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचनालयातल्या वीस हजार पुस्तकांच्या नोंदी दिवाळीपर्यंत संगणकावर यायला हव्यात, असं कार्यकारिणीने ठरवलंय म्हणतोस. एका माणसाच्या हातून दिवसाला ६०-७० नोंदी नीट होतात. म्हणजे एकट्याचे ३०० दिवस. हा हिशेब आजच त्यांच्यापुढे ठेव.

सॉफ्टवेअरचं फार मनावर घेऊ नकोस. कोहा हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २००० सालापासून वापरात आहे. गोत्यात आणतात त्या आपल्याच नोंदी. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. इथला सराईत वाचक ‘शिरवाडकरांचं नाटक द्या’ म्हणतो, दाखल क्रमांक (पुस्तक आलं तेव्हा नोंदवहीत पडलेला क्रमांक) सांगत नाही. आणि दाखल नोंदवहीत त्याच माणसाची ‘शिरवाडकर, वि. वा.’, ‘वि.वा.शिरवाडकर’, ‘शिरवाडकर विष्णु वामन’ अशी रूपं सापडतील. ती तशीच उतरवलीस तर यंत्राच्या लेखी तीन लेखक. म्हणून लेखकाच्या नावाची एक अधिकृत नोंद कर: ठरलेलं रूप १०० क्रमांकाच्या रकान्यात, बाकीची ४०० मध्ये. ‘कुसुमाग्रज’ मात्र ४०० मध्ये ढकलू नकोस. कवितासंग्रहांवर तेच नाव छापलेलं असतं. त्याची नोंद वेगळी ठेव आणि दोन्ही ५०० च्या रकान्याने जोड.

याहून छळणारी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं. शोधताना बहुतेकदा एक सापडतं, दुसरं नाही. ॲ चंही तेच, कुणी एकसंध ॲ टाइप करतं, कुणी अ वर चंद्र देतं. मग पुस्तक कपाटात आणि वाचक रिकाम्या हाताने घरी. सगळ्या यंत्रांवर एकच इनस्क्रिप्ट कळफलक ठेव. जुनी यादी श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये, असेल तर युनिकोडमध्ये आणल्यावर रफार आणि जोडाक्षरं माणसाने वाचायलाच हवीत. मोबाइलवर रोमन लिपीत शोधणारेही पुष्कळ, त्यांच्यासाठी रोमन शीर्षक पुस्तकाच्या नोंदीतल्या २४६ च्या रकान्यात टाक.

बारकोडची लेबलं स्वस्त थर्मल कागदावर नकोत, छपाई उडते. रिबनवाल्या प्रिंटरवर काढ. मलपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात, कण्यापासून दोन बोटं लांब चिकटव. कण्यावर वाकलेला बारकोड स्कॅनर वाचत नाही. वरून सेलोटेप तर मुळीच नको. खाडीकाठच्या दमट हवेत ती पिवळी पडून सुटते आणि लेबलही सोबत घेऊन जाते. बारकोडचाच क्रमांक आतल्या पानावर पेनाने लिहून ठेव. दाखल नोंदवही रद्दीत काढू म्हणणाऱ्यांना हात लावू देऊ नकोस.

रोजचा बॅकअप त्याच संगणकावर ठेवला तर तो बॅकअप नव्हे, एवढं पुरे.

पहिली २०० पुस्तकं झाली की थांब. देवघेव सांभाळणाऱ्या काकूंना यंत्रापुढे बसव आणि नेहमीच्या वाचकांनी मागितलेली दहा पुस्तकं शोधायला सांग. तू मागे उभा राहा, मदत करू नकोस. त्या कुठे अडतात ते लिहून घे आणि मला कळव.

तुझा,
काका