येशूला देव मानता, मग त्याची भूक, भीती, रडणं खरं होतं की नुसतं दाखवण्यापुरतं? आणि तो पाप करू शकत होता का?

खरं होतं. नुसतं दाखवण्यापुरतं म्हणणारे पार सुरुवातीलाच निघाले होते, योहानाच्या पहिल्या पत्रातच त्यांना झापलंय. पण आपल्याच लोकांना हे माहीत नसतं म्हणून लिहायला बसलो.

माझी आई गेली तेव्हा मी शवपेटीजवळ बसून ढसाढसा रडत होतो, तर आमचे मोठे काका, ज्यांना मंडळीत फार मान, सगळ्यांसमोर म्हणाले, "विश्वासणाऱ्याने असं रडू नये रे, पुनरुत्थानाची आशा आहे ना आपल्याला." मी म्हटलं, काका, मित्र लाजर मेला तेव्हा येशूपण रडलाच की. तर म्हणे, "अरे तो देव, आता याला उठवणार हे त्याला ठाऊक होतं, ते आपलं आपल्याला शिकवण्यापुरतं." म्हणजे नाटक! मावशीने दंडाला धरून बाहेर नेलं म्हणून, नाहीतर तिथेच वाजलं असतं.

योहान ११ नीट वाचा. उठवणार हे त्याला माहीत होतंच, तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला रडताना बघून तो आतून हलला आणि रडला. माहीत असून रडला, मुद्दाच तो आहे ना! विहिरीपाशी दमून बसला, वादळात होडीत झोपला, अटकेआधी गेथशेमानेत हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणाला, आणि शेवटच्या दिवसाबद्दल पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, ठाऊक नाही हे मार्क १३ मध्ये स्वतःच सांगतो.

काकांचं म्हणणं काही नवीन नाही. चौथ्या शतकात अपॉलिनारियस नावाचा बिशप म्हणायचा की शरीर माणसाचं पण आत माणसाचं मन नाही, त्या जागी देवाचा शब्द, म्हणजे देवपुत्र स्वतः. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपांच्या परिषदेने ते फेटाळलं. त्याच काळातला बिशप, नाझियानझसचा ग्रेगरी, त्याचं उत्तर साधं होतं, ख्रिस्ताने माणसाचं जे घेतलंच नाही ते बरंही झालं नाही. मनच घेतलं नसेल तर माझ्या मनाचं काय? मग ४५१ मध्ये कॅल्सेडॉनच्या परिषदेत ठरलं, पूर्ण देव, पूर्ण माणूस, व्यक्ती एकच, दोन स्वभाव, ना मिसळलेले ना तोडलेले. ६८१ मध्ये तर आणखी एका परिषदेत त्याला माणसाची वेगळी इच्छाही होती हे मान्य झालं.

हां, कॉप्टिक (इजिप्तच्या), आर्मेनियन वगैरे मंडळ्या कॅल्सेडॉनची 'दोन स्वभाव' ही भाषा मानत नाहीत, पण येशूचं मानवपण तेही नाकारत नाहीत. पापाचं म्हणाल तर इब्री ४:१५, परीक्षा सगळ्या झाल्या, पाप नाही. करू शकत होता का यावर मोठमोठे धर्मपंडित अजून भांडतात, मी त्यात पडत नाही.

आणि मयतीच्या घरात कुणी १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ तोंडावर फेकलं तर ते वचन शेवटपर्यंत वाचायला लावा. आशा नसलेल्यांसारखं दुःख करू नका एवढंच आहे तिथे, दुःखच करू नका असं कुठेही नाही. काकांना मी हे नंतर फोनवर सांगितलं, तर त्यांनी सरळ तब्येतीचा विषय काढला.