वाचकांचे प्रश्न : रेशीमकिड्यांची अंडी घरी उबवताना

प्रश्न : मुलीच्या शाळेतल्या प्रकल्पासाठी तुतीच्या रेशीमकिड्यांची अंडी आणली. अळ्या तीन दिवस मागेपुढे निघाल्या आणि निम्म्या आठवड्याभरातच मेल्या. पाला रोज धुऊन, ताजाच घालत होतो. काय चुकलं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पहिला संशय ओल्या पानावर. पानावर पाणी राहिलं की अळीचं पोट बिघडतं, ट्रेमध्ये बुरशीही धरते. धुतलेलं पान फडक्यानं टिपून पंख्याखाली पूर्ण सुकवा, मगच घाला. अळ्या डोकं झटकत हिरवट पाणी ओकत असतील, तर मात्र पाला फवारणीचा आहे. तो धुऊनही भागत नाही. त्या खोलीत डासांची कॉइलही लावू नका.

आता उबवणीबद्दल. अंड्यांचा कागद झाकणाच्या डब्यात ठेवा. कडेला ओल्या स्पंजचे तुकडे असू द्या, पण अंड्यांना पाणी लागता कामा नये. 25 अंश सेल्सिअस आणि 80 टक्के आर्द्रता मिळाली, तर 10-11 दिवसांत अळ्या निघतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत प्रत्येक अंड्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो, मग सगळं अंडं निळसर होतं. ठिपका दिसताच कागद काळ्या कागदात गुंडाळा आणि अंडी फुटण्याच्या दिवशी पहाटे उजेडात उघडा. अंधारात थांबलेल्या अळ्या उजेड लागताच बरोबरीनं बाहेर पडतात. तुमच्याकडे ही अंधाराची पायरीच राहिली असावी.

निघालेली अळी जेमतेम 3 मिलिमीटरची, काळी, केसाळ, मुंगीसारखी दिसते. तिला चिमटीत धरू नका. शेंड्याकडचं कोवळं, चकाकतं पान अर्धा सेंटिमीटर चिरून वर पसरा, ती आपणहून चढते. उरलेल्या मऊ पिसानं सरकवा.

अळी चार वेळा कात टाकते. डोकं वर करून निश्चल बसली म्हणजे ती आजारी नाही, कातेवर आहे. असं साधारण एक दिवस चालतं. तेवढा वेळ पाला बंद ठेवा, विझलेल्या चुन्याची पूड हलकी भुरभुरा आणि जवळपास सगळ्या अळ्या उठल्यावरच पुन्हा खायला घाला. आधी उठलेल्यांना लगेच पाला दिलात, तर एकाच ट्रेमध्ये लहानमोठ्या अळ्या होतात आणि मागच्या उपाशी राहतात.

एक अळी कोषावर जाईपर्यंत 20 ते 25 ग्रॅम पाला खाते. त्यातला चार पंचमांशाहून जास्त पाचव्या अवस्थेत, म्हणजे शेवटच्या आठवड्यात लागतो. 100 अळ्यांना अडीच किलो धरा. तेवढा पाला कुठून मिळणार, हे अंडी आणण्याआधीच बघा.

प्रश्न : आमच्या पतंगांनी घातलेली पिवळी अंडी तीन दिवसांत राखाडी झाली. ती मेली का?

उत्तर : नाही, ती फळलेली आहेत. फळलेली नसती तर पिवळीच राहून चपटली असती. ही दुबार, म्हणजे वर्षात दोन पिढ्या होणाऱ्या जातीची सुप्त अंडी. थंडी लागल्याशिवाय फुटत नाहीत. महिनाभर खोलीत ठेवा, मग डबीत घालून फ्रिजमध्ये 5 अंशांच्या आसपास किमान तीन महिने. फ्रीझरमध्ये नको. काढल्यावर काही तास थंड जागी ठेवून मगच उबवणीला लावा.

प्रश्न : काही अळ्या सुजून पिवळट झाल्या, त्यांच्यातून दुधासारखं पाणी येतं.

उत्तर : हा ग्रासरी, विषाणूचा रोग. उपचार नाही. फुटायच्या आत चिमट्यानं उचलून चुन्यात टाका, कारण त्या पाण्यातूनच तो पसरतो. बाकीच्या अळ्या कोरड्या, स्वच्छ ट्रेमध्ये विरळ करून ठेवा.