शब्दशंका : वसतिगृहातलं बोर्डिंग, विमानातलं बोर्डिंग

प्रश्न : साताऱ्यात ‘बोर्डिंग’ म्हटलं की वसतिगृह. मग विमानाच्या ‘बोर्डिंग पास’मध्ये तोच शब्द कसा? आणि साखर कारखान्यात ‘नवं बोर्ड आलं’ म्हणतात, ते बोर्ड कुठलं?
– एक वाचक, कराड

उत्तर : जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ या एकाच रूपात दोन शब्द होते. एकाचा अर्थ लाकडाची फळी, दुसऱ्याचा कड, विशेषतः जहाजाची बाजू. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळून गेले.

फळीचा वंश मोठा. फळीचं मेज झालं आणि मेजावरून अर्थ जेवणावर गेला. पैसे भरून दुसऱ्याकडे जेवून-खाऊन राहणारा तो ‘बोर्डर’, अशांची सोय म्हणजे बोर्डिंग. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेलं बोर्डिंग याच अर्थाचं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. शब्दातलं जेवण तिथे खऱ्या अर्थाने सार्थ झालं. मेजाभोवती बसून कारभार ठरवणारी मंडळी तेही बोर्डच. कारखान्याचं संचालक मंडळ आणि दहावीचं बोर्ड इथून आलं. मराठीने यात सुरेख भेद केला आहे: दुकानावर लावतो तो ‘बोर्ड’, निवडून येतं ते ‘बोर्ड’. लिंगावरूनच अर्थ कळतो.

बोर्डिंग पास मात्र दुसऱ्या घराण्यातला. जहाजात चढायला फळी टाकत म्हणून ‘बोर्डिंग’, असं पुष्कळांना वाटतं. ते बरोबर नाही. इथे बोर्ड म्हणजे जहाजाची बाजू. ‘ओव्हरबोर्ड’ म्हणजे त्या बाजूवरून पाण्यात. जहाजाच्या उजव्या अंगाला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, त्यात तारा नाही: पूर्वी दिशा देणारं वल्हं उजव्या बाजूला असे, म्हणून ती ‘स्टिअर’ करण्याची बाजू. जहाजांचा शब्द पुढे आगगाडीने आणि विमानाने घेतला.

भाषांतरात चूक होते ती ‘द’कडे दुर्लक्ष झाल्याने. ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजात, गाडीत किंवा विमानात. ‘ऑन द बोर्ड’ म्हणजे फळ्यावर, नाहीतर संचालक मंडळावर. वाक्यात माणूस असेल तर बहुधा मंडळ, मजकूर असेल तर फळा.

परदेशी हॉटेलचं बुकिंग करतानाही जेवणाचाच अर्थ धरा. ‘फुल बोर्ड’ म्हणजे खोलीबरोबर नाश्ता आणि दोन्ही जेवणं. ‘हाफ बोर्ड’मध्ये नाश्ता आणि एकच जेवण, बहुतेक ठिकाणी रात्रीचं, दुपारचं बिल वेगळं येतं.