‘पायलीचे पन्नास’ म्हणजे काय? असले जुने शब्दप्रयोग आता कुणाला कळत नाहीत, मग ते बोलण्यातून काढून टाकावेत का?

पायली म्हणजे धान्य मोजायचं चार शेरांचं माप. पायलीचे पन्नास म्हणजे हवे तितके मिळणारे, म्हणून किंमत नसलेले. अर्थ एवढाच. पण ‘काढून टाकावेत का’ हे मनाला लागलं, कारण हेच मी घरात ऐकलंय.

आमच्याकडे ज्वारीची रास झाली की मोजायला आईच बसायची. पहिल्या पायलीला ‘एक’ कधीच म्हटलं नाही तिने. ‘लाभ’, मग दोन, तीन. एका सुगीत थोरला भाऊ पुण्याहून आला होता. म्हणाला, “आई, पायली-बियली कुणाला कळतंय आता? किलोत सांग. एक पायली म्हणजे किती किलो?” आईने पायली खाली टेकवली आणि विचारलं, “कशाची?”

त्याला वाटलं तिला प्रश्नच कळला नाही. हसला. अहो, पायलीत धान्य मापतात, तोलत नाहीत! ज्वारीची पायली आणि भुईमुगाच्या शेंगांची पायली सारख्या वजनाची भरेल कशी? चुकला होता तो. पण त्या दिवसापासून आई पाहुण्यांसमोर मापांची नावं घेईनाशी झाली. पुढच्याच वर्षी भावाने लोखंडी पायली आणि अधोली, म्हणजे अर्ध्या पायलीचं माप, भंगारात घातली. तो राग माझा अजून गेलेला नाही.

1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, 1957 साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. म्हणून ‘सोळा आणे खरं’ म्हणायचं कुणी सोडलं? माप भरल्यावर तोंडाशी धान्याचा निमुळता ढीग चढतो, ती शीग. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ पेपरात सारखं येतं, मॅच बघताना भाऊही म्हणतो. शीग चालते आणि पायली तेवढी जुनाट?

तेव्हा खुशाल वापरा. समोरच्याला नाही कळलं तर सांगायचं, दोन वाक्यांचं काम आहे.

हां, व्यवहारात किलोच बरा, कारण पायली मुलखागणिक लहानमोठी असायची. आणि माणसांना ‘पायलीचे पन्नास’ म्हणताना जपून, त्यात तुच्छता आहे.

मापटं, म्हणजे अर्ध्या शेराचं माप, तेवढं वाचलं, ते माझ्याकडे आहे. मागच्या दिवाळीत भावाने लेकीला दाखवायला मागितलं. दिलं नाही. तिला घेऊन इकडे ये म्हटलं, ज्वारी मापून दाखवतो.