इंग्लंडच्या ग्रामीण भागात कुटुंबाने चालवलेल्या कंट्री हाउस हॉटेलात राहावे का?

आई-वडिलांसह दोन रात्री अशा, म्हणजे गावाकडच्या जुन्या वाड्यात थाटलेल्या, हॉटेलात राहणे योग्य ठरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अवश्य राहावे. मात्र ते केवळ रात्रीच्या मुक्कामाचे ठिकाण मानू नये.

रटलंड या परगण्यातील हॅम्बल्टन हॉल हे याचे उत्तम उदाहरण आहे. 1881 मध्ये शिकारीच्या हंगामात राहण्यासाठी बांधलेल्या या वाड्याचे हार्ट कुटुंबाने 1980 मध्ये हॉटेल केले आणि 1970 च्या दशकात तयार झालेला रटलंड वॉटर हा विस्तीर्ण जलाशय आज त्याच्या बागेसमोर पसरलेला दिसतो. अशा घरांत खोल्या मोजक्या व एकमेकींहून वेगळ्या असतात, संध्याकाळी पाहुणे दिवाणखान्यात शेकोटीजवळ बसतात आणि जेवण हा मुक्कामाचा गाभा असतो, म्हणून निदान एक रात्र तिथेच जेवावे, असा माझा आग्रह आहे. शाकाहारी असल्यास, विशेषतः अंडी वा जिलेटिन चालत नसल्यास, आरक्षण करतानाच स्पष्ट लिहून कळवावे. स्वयंपाकघराला पूर्वसूचना मिळाली की ताटात नुसती उकडलेली भाजी येत नाही.

जुन्या वास्तूंत लिफ्ट बहुधा नसते, त्यामुळे वडीलधाऱ्यांसाठी तळमजल्यावरील खोली आधीच मागावी. दरात न्याहारी व रात्रीचे जेवण धरले आहे का, हेही विचारून घ्यावे. हॅम्बल्टन हॉलला जायचे तर लंडनहून पीटरबरोला गाडी बदलून जवळच्या ओकहॅम गावापर्यंत रेल्वेने जाता येते. पुढच्या सुमारे तीन मैलांसाठी टॅक्सी आधी ठरवावी.