बातम्या आणि चार वर्षांचं लेकरू

अगं, लेक बातम्या बघून दचकते म्हणून इतकी हवालदिल होऊ नकोस. सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळ.

पहिली: ती जागी असताना टीव्हीवर बातम्या नकोत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा आमच्या कोथरूडच्या घरी जेवताना टीव्ही चालूच असायचा. कोसळलेली एकच इमारत दिवसभर दाखवत होते. आमच्या चार वर्षांच्या लेकाला वाटलं, दर वेळी नवी इमारत पडतेय. रात्री अंथरुणात मला घट्ट धरून म्हणाला, "आई, आपली बिल्डिंग कधी पडणार?" माझ्या पोटात गोळा आला. या वयात पुन्हा दाखवलेलं म्हणजे पुन्हा घडलेलंच वाटतं गं.

दुसरी: तिने काही विचारलं की आधी "तुला काय वाटतं?" म्हण, मग विचारलंय तेवढंच सांग. मी नकाशा काढून बसले, तिथेच चुकले. त्याला एवढंच हवं होतं, की ते खूप लांब आहे आणि आईबाबा इथे जवळ आहेत. "काही नाही झालं" असं मात्र म्हणू नकोस, तुझा चेहरा तिला वाचता येतो.

देश, सीमा, कोण बरोबर, हे पुढे शाळेत जायला लागल्यावर. आज टीव्ही बंद ठेव आणि दोघी मिळून पोळीचा लाडू करा.